दुसरा घास

स्पृहाचे पुढचे दोन दात पडले आणि शाळेच्या फोटोत ती तोंड घट्ट मिटून उभी राहिली, त्या वर्षीची ही दिवाळी. तिच्या आजीला, सुशीलेला, झटका येऊन तेव्हा पाच महिने झाले होते. पाडव्याच्या सकाळी सुनेनं, रुपालीनं, सासूला न्हाऊ घालून चाकांच्या खुर्चीत बसवलं, नवी साडी अंगाभोवती कशीबशी गुंडाळली, आणि तिचा चालता हात, म्हणजे डावा, आपल्या हातात धरून सासऱ्यांना, वैजनाथला, ओवाळलं. ताम्हन कललं, सुपारी घरंगळून कपाटाखाली गेली. ती काढायला कोणी वाकलं नाही. "आता बाबा, तुम्ही आईंना शिऱ्याचा एक घास भरवा," रुपाली म्हणाली. तिनं फोन उभा धरला होता. "चमच्यानं नको, हातानं. एकच शॉट." वैजनाथनं वाटीतला शिरा तीन बोटांत उचलला. सुशीलेनं तोंड उघडलं ते एकाच बाजूनं. उजवी बाजू ओल्या कापडासारखी खाली लोंबत होती. त्यानं घास आत ठेवला आणि बोटं काढून घेण्याआधीच तिची जीभ बोटांवर आली. ऊन, जाड, बुळबुळीत. त्यानं हात झटक्यानं मागे ओढला आणि खांद्यावरच्या टॉवेलला बोटं पुसली. एकदा पुसून भागलं नाही, तीनदा पुसली, नखाखालचा रवासुद्धा काढला. मग वर पाहिलं तर सुशीला त्याच्या बोटांकडे बघत होती. घास तिच्या गालात तसाच होता. जिभेनं ढकलत ढकलत तिनं तो बाहेर काढला, तो हनुवटीवरून नव्या साडीवर पडला, आणि तिनं ओठ मिटले.

"अय्या, सांडलं," रुपाली म्हणाली. "असू दे बाबा, तेवढं कट करते."

तिनं तेवढं कापलं आणि उरलेलं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. विश्रांतवाडीतल्या त्या सोसायटीत निम्मे लोक फौजेतून निवृत्त झालेले, निम्मे संगणकावर बसणारे. दोघांनाही सकाळी फोन बघण्याखेरीज उद्योग नाही. वैजनाथ दूध आणायला खाली उतरला तर लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे रावसाहेब भेटले. "वाहवा, वैजनाथराव," ते म्हणाले, "व्हिडिओ पाहिला. आमच्या हिनं मला तो चार वेळा दाखवला. चहा गार झाला तो कुणी गरम करून दिला नाही. तुम्ही आदर्श नवरे झालात, आमची मात्र पंचाईत केलीत." वैजनाथ हसला. लिफ्टच्या आरशात आपलं हसू त्याला दिसलं आणि त्यानं बोटं पुन्हा एकदा पँटला पुसली.

किळस ही त्याची आयुष्यभराची सोबतीण. फौजेत त्याला 'पंडित' म्हणत, आणि तो पंडितांच्या घरचा तर अजिबात नव्हता. दुसऱ्याच्या ग्लासातलं पाणी तो प्यायचा नाही. बाटली ओठाला न लावता वरून धार धरायचा. मुलगा, दिग्विजय, लहान असताना त्याच्या ताटातला उरलेला भात सुशीला खायची तेव्हा हा उठून गॅलरीत जायचा. लोकांना वाटायचं, सोवळेपणा. सोवळं कसलं! परळीकडच्या त्याच्या गावात त्याची आई एका बड्या घरी भांडी घासायला जायची, आणि त्या घरी लग्नकार्य असलं की पंगती उठल्यावर पत्रावळ्यांवरचं गोळा करून पदराखाली झाकून आणायची. भात, भाजी, जिलबी, सगळं एकात एक. त्यावर भावंडं तुटून पडायची. सात वर्षांच्या वैजनाथला एकदा त्यात बुंदीचा लाडू सापडला होता, अर्धा. उरलेल्या अर्ध्यावर दातांच्या खुणा होत्या. पुढचे दोन दात मोठे आणि मधे फट. दुसऱ्या दिवशी तसे दात त्यानं गावात पाहिले, त्या घरच्या मामाच्या तोंडात, तंबाखूनं काळे झालेले. लाडू तर आदल्या दिवशीच पोटात गेला होता. गोडही लागला होता. हेच त्याला कधी विसरता आलं नाही, की गोड लागला होता. त्यानंतर उष्टं म्हटलं की त्याला ते काळे दात आठवायचे. फौजेत भरती झाला तेव्हा त्याला धड सही करता येत नव्हती. अक्षरं तिथंच, विसाव्या वर्षी, एका हवालदार मास्तरानं हाताला धरून गिरवून घेतली. पण स्वतःचं ताट, स्वतःचा मग, त्यावर रंगानं घातलेला स्वतःचा नंबर, हे पहिल्याच दिवशी मिळालं, आणि नोकरी म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं.

लग्नातही त्यानं हेच केलं होतं. बायकांनी नवरानवरीला घास भरवायला बसवलं, नाव घ्या नाव घ्या म्हणून गलका केला, तेव्हा सुशीलेनं त्याच्या तोंडाशी जिलबीचा तुकडा धरला. त्यानं तो तोंडात घ्यायच्या ऐवजी हातात घेतला. बायका हसल्या. "लाजला गं, लाजला!" सुशीलाही हसली. वैजनाथनं तो तुकडा रुमालात बांधून खिशात टाकला आणि रुमालाला मुंग्या लागल्या.

पाडव्याच्या दुपारी सुशीलेनं वरणभात घेतला नाही. रुपालीनं चमचा लावला. चमचा दिसला की ती दात आवळायची, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. रुग्णालयात कुणीतरी चमच्यानं घाई केली होती, हिरडी फाटली होती, तेव्हापासून. तिला हातानं भरवायची ती बायडाबाई, दिवसभर सांभाळायला ठेवलेली बाई, आणि बायडाबाई दिवाळीला मुळशीकडच्या आपल्या गावी गेलेली. जाताना दारात पिशवी खाली ठेवून तिनं वैजनाथला बजावलं होतं, "सायेब, चार दिसांचा सवाल हाय. हातानंच भरवा. भात पार मऊ करा, घास ल्हान घ्या, आन् बोट आत ऱ्हाऊ द्या जरा. बोट लागलं की त्यांना गिळायचं ध्यानात येतं. समजलं न्हवं?" समजलं, म्हणाला. मनात म्हणाला, रुपाली बघेल. रुपालीनं मग हातानंही बघितलं. ओठ उघडले नाहीत. दिग्विजयनं आईच्या पायाशी बसून हात जोडले, "आई, प्लीज." स्पृहानं आजीला आपली दातांची खिंड दाखवली. एरवी त्यावर आजीच्या डाव्या गालाला हसू यायचं. आज तिनं मान भिंतीकडे वळवली.

संध्याकाळपर्यंत पाणी कापसानं ओठांवर पिळावं लागलं. दिग्विजयनं डॉक्टरांना फोन लावला आणि गॅलरीतून आत आला तो नजर चुकवत. "उद्या भाऊबीज. परवा शुक्रवारी सकाळी आणा म्हणतात. नाकातून नळी घालावी लागेल." झटका आला तेव्हा पहिल्या आठवड्यात नळी घातली होती ती सुशीलेनं डाव्या हातानं उपटून काढली होती, रक्तासकट. मग तो हात पलंगाच्या दांडीला बांधून ठेवला होता. बांधलेल्या हाताची बोटं दिवसभर उघडमीट करत राहायची. वाचा गेलेली, पण त्या बोटांनी ती काय म्हणत होती ते समजायला शाळा लागत नव्हती. "पुन्हा हात बांधणार?" वैजनाथनं विचारलं. "बाबा, मग काय उपाशी मारायचं?" दिग्विजय ओरडला, आणि लगेच खालच्या आवाजात म्हणाला, "उद्याच्या दिवसात खाल्लं तर नाही घालणार. मी तरी काय करू?"

तो पाडवा आणि भाऊबीजेची दुपार वैजनाथनं तिच्या खोलीत काढली. खोलीला वास होता. फिनेल, पावडर, आणि त्याच्या खाली दडलेला तो दुसरा वास, लघवीचा नि लाळेचा, जो उदबत्तीनं जास्तच चिघळतो. बाहेर रस्त्यावर फटाके, खाली लाडू-चिवड्याची ताटं या घरातून त्या घरात, प्रत्येक ताटावर विणलेला रुमाल. फोन मधेच किणकिणायचा. व्हिडिओखाली लोक बदाम टाकत होते. कुणी लिहिलं होतं, याला म्हणतात संसार. वैजनाथला त्या बदामांचीही शिसारी आली. पण खरी शिसारी त्या नजरेची होती. ती नजर त्यानं याआधी पाहिली होती. सुशीलेच्या चेहऱ्यावर नव्हे; दुसऱ्या एका बाईच्या, हजारो कोस दूर, आणि त्याला तेवीस वर्षं होऊन गेली होती.

दिग्विजय पाचवीत होता तेव्हा वैजनाथची पलटण शांतिसेनेच्या निळ्या टोप्या घालून आफ्रिकेत गेली होती, इथिओपिया आणि एरिट्रियाच्या सरहद्दीवर. लढाई थांबली होती. हे मधे उभे राहायला. वैजनाथ पाण्याचा टँकर चालवायचा. आधी पलटणीच्या ठाण्याला पाणी, मग साहेबांच्या हुकमानं दोन दिवसांआड वाटेवरच्या एका दगडी घरांच्या वस्तीला. उघडी माळरानं, निवडुंग, भुईसुरुंगाच्या लाल पाट्या. थेट बीडकडचा दुष्काळ उचलून उंचावर नेऊन ठेवल्यासारखा. टँकर दिसला की बाया पिवळे डबे घेऊन रांग लावायच्या. रांगेत पहिली असायची अब्रेहेत. साठीची, उंच, केसांच्या बारीक वेण्या, कपाळावर गोंदलेला क्रूस. थेट त्याच्या आईच्या गोंदणासारखा हिरवट. तिचा थोरला मुलगा त्या लढाईत गेला होता. वैजनाथ नळी धरून उभा राहायचा, ती डबा भरला की त्याच्याकडे बघून छातीवर हात ठेवायची. तो मानेनं 'ठीक ठीक' म्हणायचा. एवढीच त्यांची भाषा.

जानेवारीच्या सात तारखेला त्यांचा नाताळ. त्याआधी चाळीस-बेचाळीस दिवस त्यांचा उपास. दूध नाही, अंडं नाही, मटण नाही. वस्तीनं कॅप्टनसाहेबांना जेवायला बोलावलं आणि निरोपात सांगितलं, पाणीवाल्याला आणा. अब्रेहेतच्या घरात जमिनीवर हिरवं गवत पसरलं होतं. कुठून आणलं होतं देव जाणे, मैलोगणती गवताची काडी नव्हती. तिनं लोखंडी तव्यावर कॉफीचे हिरवे दाणे भाजले आणि तो धुरकट तवा प्रत्येकाच्या नाकाशी आणला. सगळ्यांनी धूर हातानं ओढून घेतला, आपण आरती घेतो तसा. वैजनाथनंही घेतला. तोवर सगळं बरं चाललं होतं. मग आलं ते ताट. एकच ताट, बैलगाडीच्या चाकाएवढं, त्यावर आंबोळीसारखी आंबट, जाळीदार भाकरी पसरलेली, मधे लालभडक रस्सा. आणि त्या एका ताटाभोवती नऊ माणसं. नऊ माणसांचे नऊ हात. कुणाच्या नखात काळं, कुणाचं बोट तोंडातून निघून पुन्हा ताटात. वैजनाथनं आपल्या बाजूची कोरडी कड तोडली आणि चघळत बसला. ठाण्यातलं ताट, त्यावरचा नंबर, आठवत बसला.

अब्रेहेतनं ते पाहिलं असणार. ती त्याच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली. त्या घरातली एकुलती एक कोंबडी त्या दिवशी कापली होती आणि रश्शात उकडलेलं एकच अंडं होतं. भाकरीच्या तुकड्यात ते अंडं, रस्सा, वरून वासाचं लोणी असा मुठीएवढा घास तिनं गुंडाळला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. सगळे थांबून बघायला लागले. वैजनाथनं हात पुढे केला, लग्नात केला होता तसाच. सगळे हसले, तिनं मान हलवली. शेजारी वस्तीचा मास्तर तेकले होता. त्याला लहानपणी इंग्रजी शिकवलं ते एका केरळी मास्तरानं, त्यामुळे तो आपल्याच माणसासारखं इंग्रजी बोलायचा. तो कॅप्टनसाहेबांना काहीतरी समजावत होता. साहेब ओठ न हलवता म्हणाले, "मुँह खोल, वैजनाथ. माँ जैसी है." त्यानं तोंड उघडलं. घास आत आला, त्यामागून तिची बोटं आली, पार जिभेपर्यंत, खरखरीत, लोण्याच्या वासाची. आणि घासासोबत तो अर्धा लाडू आला, ते काळे दात आले. त्यानं डोळे मोठे केले, हसला, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पाटी पुसली, सुटलो, असं त्याला वाटलं. गाडी बघून येतो अशी खूण करून तो बाहेर पडला, टँकरच्या मागे गेला आणि चाकाजवळ सगळं थुंकला. अंडंसुद्धा. टँकरची तोटी सोडून चुळा भरल्या, बोट घालून जीभ घासली. त्या वस्तीत डबाभर पाण्यासाठी बाया दोन तास उभ्या राहत होत्या. तोटी बंद करून वळला.

अब्रेहेत टँकरच्या कडेला उभी होती. तिच्या उजव्या हातात दुसरा घास होता.

चाकाजवळ वस्तीतलं एक कुत्रं आलं होतं आणि ते चटाचट खात होतं, तिकडे तिनं पाहिलं. मग त्याच्या ओल्या हनुवटीकडे. तिची मूठ हळूहळू मिटली आणि रस्सा मनगटावरून पांढऱ्या कपड्याच्या बाहीत गेला. परतीच्या वाटेवर कॅप्टनसाहेब खुशीत होते. तेकलेनं त्यांना सांगितलं होतं की या भागात पाहुण्याला एकच घास भरवून सोडत नाहीत. एकावर थांबलं तर पाहुणा परका तो परकाच राहतो, तीन झाले की घरचा. "तू किस्मतवाला है, पंडित. हमको तो पूछा भी नहीं." पुढच्या खेपेला टँकर घेऊन गेला तेव्हा अब्रेहेत रांगेत पहिली होती. तिनं डबा लावला नाही. नळीखाली आधी उजवा हात धरला आणि धुतला, बोट न् बोट, नखं, पंजा, मनगट, सावकाश. तो समोर उभा असताना. मग त्याला तो हात उलटा-सुलटा करून दाखवला आणि डबा भरून घेतला. छातीवर हात काही ठेवला नाही, त्या दिवशीही नाही आणि पलटण परत आली तोवर कधीच नाही.

त्या आठवड्यात त्यानं सुशीलेला पत्र लिहिलं. विसाव्या वर्षी शिकलेलं त्याचं मोठं, खुरडत चालणारं अक्षर. 'इथे त्यांचा सण झाला. एका म्हातारीने मला मुलगा मानून आपल्या हाताने भरवले. मी पोटभर जेवलो. तुझी आठवण आली.' चार ओळी, त्यातली शेवटची खरी. सुशीलेनं ते पत्र जपून ठेवलं. जपलं तिथवर ठीक होतं. तिनं ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. दर दिवाळीत, फराळाला जो येईल त्याला. "आमच्या ह्यांना ना, तिकडे आफ्रिकेत एका बाईनं आईसारखं भरवलं होतं. जात नाही, पात नाही, भाषा नाही. आणि हे! घरात माझ्या हातचा घास घेत नाहीत, पण तिथं घेतला. पाहुण्याचा मान ठेवला हो." बायका कौतुकानं त्याच्याकडे बघायच्या आणि तो चकली मोडत बसायचा. तेवीस दिवाळ्या तिनं त्याला त्या गोष्टीत चांगला माणूस करून ठेवलं होतं. मागच्या दिवाळीतही सांगितली होती, याच हॉलमध्ये, रावसाहेबांच्या बायकोला. त्याला एकदाही तोंड उघडता आलं नव्हतं. थुंकी ती एकदाच टाकली होती, पण ती चघळत तो तेवीस वर्षं बसला होता, आणि आपल्या इतकं ओंगळ या घरात काही नाही, ती लाळ नाही, तो वास नाही, हे त्याला भाऊबीजेच्या दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या, मळमळून आल्यासारखं कळलं.

संध्याकाळी दिग्विजय रुपालीला घेऊन बिबवेवाडीला गेला, तिच्या भावाकडे, स्पृहासकट. "दोन तासांत येतो. बाबा, काही लागलं तर फोन." दार लागलं. वैजनाथनं भाताचं भांडं कुकरमधून काढलं, भात डावानं पार घोटला, वरण घातलं, तूप घातलं. चमचा घेतला नाही. सुशीलेच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसला. ती भिंतीकडे बघत होती. ओठांना सालं आली होती.

"अगं," तो म्हणाला, "उद्या नळी घालणार आहेत."

तिनं मान वळवली नाही. डाव्या हाताची बोटं मांडीवर उघडली आणि मिटली.

"ती म्हातारी," तो म्हणाला, आणि घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली. "ती गोष्ट तू सांगतेस ती. ते खोटं होतं. तिनं भरवलं ते खरं. मी थुंकलो. गाडीच्या मागे जाऊन थुंकलो, आणि तिनं बघितलं. कुत्र्यानं खाल्लं ते. पोटभर जेवलो वगैरे काही नाही. कोरडी कड चघळली. तुला उगाच लिहिलं. आणि काल तुझ्या बाबतीत..." पुढचं त्याला सांगता येईना. "लग्नातली जिलबीसुद्धा मी रुमालात बांधली होती," तो भलतंच काहीतरी म्हणाला.

सुशीलेनं आता त्याच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. तिच्या घशातून एक आवाज निघाला, 'हं'सारखा. तो रागाचा की हसण्याचा, अर्ध्या चेहऱ्यावरून त्याला ओळखता आलं नाही. मग तिनं तोंड उघडलं, एका बाजूनं. त्यानं लहान घास आत ठेवला आणि बोट काढलं नाही. जीभ आली, ऊन, जाड, बोटाला गुंडाळली. त्याला ओकारी आली. डोळ्यांत पाणी आलं. बोट तिथंच ठेवलं. तिचा घसा वर गेला, खाली आला. दुसरा घास. लाळ तळहातावरून कोपरापर्यंत गेली. टॉवेल खांद्यावर होता. तिसरा. तिसऱ्यानंतर तिनं ओठ मिटले आणि डावा हात उचलून ताटलीत घातला. त्याला वाटलं, ढकलते. तिनं चार बोटांनी भात गोळा केला, अर्धा सांडला. तिच्या हनुवटीवरून ताटलीत गळलेलं तेही त्यातच आलं. हात वर चढला आणि त्याच्या तोंडासमोर येऊन थांबला.

त्याला सगळं दिसलं. शिताला चिकटलेली लाळेची तार दिसली, नखाखालचं पिवळं दिसलं, काळे दात दिसले, मधली फट दिसली. किळस तसूभरही कमी झाली नाही. त्यानं तोंड उघडलं. तिची बोटं जिभेपर्यंत आत आली. भात कोमट होता, अळणी होता. मीठ घालायला तो विसरला होता. त्यानं चावला नाही, नुसता गिळला. तो खाली जाईपर्यंत तिनं बोटं काढली नाहीत. मग तिचा हात पुन्हा ताटलीकडे गेला.

शुक्रवारी नळी घातली नाही. बायडाबाई परत आली तेव्हा तिनं भरवायचं काम मागून पाहिलं. वैजनाथनं दिलं नाही. "मीठ तरी घाला की वो सायेब," ती म्हणाली. अब्रेहेत आहे की गेली, हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता आणि नाही. सुशीलाबाई शनिवारी, बावीस नोव्हेंबर दोन हजार पंचवीस रोजी, सकाळी साडेनऊ वाजता, झटका पुन्हा येऊन, विश्रांतवाडीतल्या राहत्या घरी वारल्या.